एक हजार सात गावांचा अर्ज

जपानचे नाव काढले की मोटारी, घड्याळे आणि फार तर भातलावणीची छोटी यंत्रे आपल्या डोळ्यांपुढे येतात. कापूस काही येत नाही. पण दोनशे वर्षांपूर्वी जपानातील ओसाका शहराभोवतालचा मुलूख हा आपल्या वऱ्हाड-खानदेशासारखा कापसाचा मुलूख होता. तेथील शेतकरी विकतचे खत घालून कापूस पिकवीत, त्यांच्या घरच्या बायका सूत कातून कापड विणीत, आणि भाव पाडणाऱ्या व्यापाऱ्यांशी त्यांचे वरचेवर खटके उडत. सन १८२३ मध्ये या भागातील एक हजार सात गावांनी मिळून व्यापाऱ्यांच्या मक्तेदारीविरुद्ध सरकारदरबारी अर्ज दिला, आणि तो जिंकला. कोणाच्या गोदामाला आग लागली नाही की कोणाचे डोके फुटले नाही. शेतकरी बंधुभगिनींना या हकीकतीत रस वाटेल असे वाटल्यावरून ती येथे जरा सविस्तर सांगतो. कापूस आला की खत आले, पाणी आले, बाजार आला आणि घरही आले. म्हणून या सगळ्यांतून फिरत फिरतच त्या अर्जापाशी जावे लागेल.

त्या काळी जपानवर तोकुगावा घराण्याची सत्ता होती. सन १६०३ पासून १८६७ पर्यंत ही राजवट टिकली. सम्राट क्योतो शहरात असे, पण खरा कारभार शोगुन एडोहून, म्हणजे आजच्या टोकियोहून पाही. त्याच्या हाताखाली अडीचशेच्या वर सरदार. सारा तांदळात मोजला जाई आणि त्याचे माप होते 'कोकु'. एक कोकु म्हणजे सुमारे १८० लिटर, साधारण एका माणसाच्या वर्षभराच्या पोटाला पुरेल एवढा तांदूळ. शेताची, गावाची, इतकेच काय सरदाराचीही किंमत कोकूतच सांगत.

यातली एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. सारा एकेका शेतकऱ्याकडून नव्हे, तर सबंध गावाकडून वसूल होई. गावाचा एकूण आकडा वरून यायचा आणि कोणी किती द्यायचे ते गावाने आपसात ठरवायचे. त्यामुळे प्रत्येक गावात हिशेबाच्या वह्या आल्या, शिक्के आले, लिहिणारे-वाचणारे आले. गावच्या मुख्याला ओसाकाच्या बाजूस 'शोया' म्हणत. आपल्याकडच्या पाटील आणि कुलकर्णी या दोघांचे काम तो एकटा करी. पुढे पुढे गावोगावी छोट्या शाळाही निघाल्या. कुठे देवळातला भिक्षू, कुठे वैद्य, कुठे गावचा मुखीच मुलांना अक्षरे, पत्र लिहिण्याची पद्धत आणि मण्यांच्या पाटीवरचा हिशेब शिकवी. या शाळांना 'तेराकोया' म्हणत. सरकारने सारा नीट वसूल व्हावा म्हणून गावाला लिहायला लावले. पुढे त्याच लेखणीने गावांनी सरकारला काय काय लिहिले, ते आपण पाहूच.

हिंदुस्थानी माणसाच्या बोचक्यातले बी

जपानात कापूस मुळातला नव्हे. सन ७९९ मध्ये मिकावा प्रांताच्या किनाऱ्याला एका लहान होडीतून एक तरुण वाहत आला. त्याची भाषा कोणाला कळेना. पुढे तेथील भाषा थोडी शिकल्यावर त्याने आपण 'तेन्जिकु'चे, म्हणजे हिंदुस्थानचे, असल्याचे सांगितले, अशी नोंद जपानच्या सरकारी बखरीत आहे. त्याच्याजवळ कापसाचे बी निघाले. दुसऱ्या वर्षी ते बी दक्षिणेकडील काही प्रांतांत लावून पाहण्यात आले. तो तरुण खरोखर आपल्याकडचा होता की नाही, याची खात्री आज कोण देणार? पण आइची जिल्ह्यातील निशिओ येथे त्याच्या नावाने आजही एक देऊळ आहे आणि तेथे कापसाचा देव म्हणून त्याला मान मिळतो. बी मात्र तेव्हा टिकले नाही. कापसाचे पीक जपानात खऱ्या अर्थाने रुजले ते पुढे सात-आठशे वर्षांनी, पंधराव्या-सोळाव्या शतकात. ही जात आखूड धाग्याची होती. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर आपला गावरान कापूस आणि जपानचा जुना कापूस हे एकाच कुळातले आहेत.

त्यापूर्वी जपानी शेतकरी अंगात काय घालीत? तागासारख्या वाखाचे कापड. ते थंडीला निरुपयोगी आणि अंगाला टोचणारे. रेशीम होते, पण ते बड्यांचे. सन १६२८ मध्ये शोगुनाने हुकूमच काढला की शेतकऱ्यांनी वाखाचे किंवा सुती कापडच वापरावे. अशा रीतीने सारा देश सुती कापडाचे गिऱ्हाईक बनला. एडोची वस्ती पुढे दहा लाखांवर गेली, ओसाकाची चार लाखांच्या घरात. एवढ्या लोकांना कपडा कोणी पुरवायचा? ओसाकाच्या जवळच्या कावाची, सेत्सू, इझुमी, यामातो या प्रांतांनी ते काम अंगावर घेतले.

नदी वळवली आणि सरी-वरंबा आला

कावाचीत कापूस वाढण्याचे आणखी एक कारण घडले. यामातो नावाची नदी या प्रांतातून वळणे घेत उत्तरेकडे जाई. तिचा तळ गाळाने वर येऊन आजूबाजूच्या शेतांपेक्षा उंच झाला होता. दर दोन-चार वर्षांनी बांध फुटे आणि गावे बुडत. इमागोमे गावचा मुखी नाका जिम्बेइ याने नदीचा मार्ग बदलून तिला सरळ पश्चिमेला समुद्रात न्यावी, म्हणून वर्षानुवर्षे अर्ज केले. नव्या मार्गावर ज्यांची शेते जाणार होती त्या गावांचा अर्थातच कडाडून विरोध होता आणि त्यांचेही अर्ज जात होते. अखेर सन १७०४ मध्ये काम झाले. सुमारे १४ किलोमीटर लांबीचा नवा पाट आठएक महिन्यांत माणसांच्या हातांनी खणला गेला. ज्यांची शेते गेली त्यांचे हाल झाले, हेही येथे सांगितले पाहिजे.

जुना नदीतळ मोकळा झाला. ती जमीन रेताड, भाताला पाणी धरणार नाही अशी. कापसाला मात्र ती फारच मानवली. ओसाकाच्या श्रीमंत सावकारांनी पैसा घालून तेथे नव्या वाड्या वसवल्या. कोनोइके या पेढीवाल्या घराण्याची वाडी त्यात सर्वांत मोठी, आणि तिचे नाव आजही त्या भागाला आहे.

सखल भाताच्या खाचरांत शेतकऱ्यांनी वेगळीच युक्ती केली. खाचरातली माती ओढून उंच, रुंद वरंबे घातले. वरंब्यावर कापूस, आणि मधल्या खोलगट भागात पाणी साठवून भात! एकाच शेतात दोन्ही पिके. पाऊस जास्त झाला तर भात साधे, कमी झाला तर कापूस. माझ्यासारख्या शेतीखात्यातल्या माणसाला तर या सरी-वरंब्याचे मोठे कौतुक वाटते. त्या वेळी ना प्रात्यक्षिकाचे प्लॉट होते ना अनुदान. थंडीत त्याच जमिनीत सातू, गहू किंवा मोहरीच्या जातीचे तेलबी घेत. उभ्या सातूच्या ओळींमध्येच उन्हाळ्याच्या तोंडावर कापसाचे बी टोकीत, म्हणजे सातू निघेपर्यंत रोप वर आलेले असे. पाण्यासाठी शेतातच उथळ विहिरी असत. आपल्या कोकणात लाट असते ना, आडव्या दांड्याच्या एका टोकाला बादली आणि दुसऱ्या टोकाला वजन, तशाच लाटांनी बायामाणसे कडक उन्हात पाणी उपसून कापसाला घालीत.

माडीवाल्याचे एक, भाडेकऱ्याचे दुसरे

कापूस हे खादाड पीक. रानातला पालापाचोळा आणि गवत यांच्या खतावर ते भागेना. मग शेतकऱ्यांची नजर शहराकडे वळली. ओसाकाला भाजीपाला घेऊन जाणाऱ्या होड्या परत येताना सोनखत भरून आणू लागल्या. सुरुवातीला भाजीच्या बदल्यात सोनखत असा व्यवहार होता. मागणी वाढली तसा रोख चांदीत दर ठरू लागला. पुढे तर या मालाची मालकीही वाटली गेली. ओसाकाच्या चाळींत मैला घरमालकाचा आणि मूत्र भाडेकऱ्याचे, असा रिवाज पडला. दोन्हींचे गिऱ्हाईक वेगळे, दोन्हींचा पैसा वेगळा. कोणत्या गावाने कोणत्या गल्लीतून माल उचलायचा याचे करार होत आणि ते मोडले की भांडणे थेट न्यायालयात जात. आपल्याला हसू येते खरे, पण त्याच काळात युरोपातल्या मोठ्या शहरांची घाण नद्यांत जात होती आणि जपानी शहरांची घाण पैसे देऊन शेतावर जात होती, हा फरक लहान नाही.

एक सावधगिरीची गोष्ट सांगून टाकतो. तेथील शेतकरी सोनखत ताजे टाकीत नसत. शेताच्या कडेला पुरलेल्या रांजणांत ते कुजवीत आणि मग पाणी घालून मुळाशी देत. तरीसुद्धा पोटातल्या जंतांचा त्रास जपानला विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पुरला. म्हणून तो प्रयोग जसाच्या तसा कोणी करू नये.

सोनखतानंतर माशांचे खत आले. एडोच्या पूर्वेला कुजुकुरीचा लांबच लांब वाळूचा किनारा आहे. तेथे मोठ्या जाळ्यांनी तारलीसारखी छोटी मासळी ओढून वाळूवर पसरीत आणि सुकवून पोती भरीत. या खताचे नाव 'होशिका'. गंमत अशी की तेथे जाऊन हा धंदा वाढवणारे कोळी ओसाकाच्याच बाजूचे, इझुमी आणि कीइ प्रांतांचे होते. ओसाकात उत्सुबो नावाच्या पेठेत या सुक्या मासळीचा मोठा बाजार भरे. पेठेचा वास किती लांबून येत असेल त्याची कल्पना करा!

पुढे ही मासळी महाग झाली तेव्हा आणखी लांबचा माल आला. जपानच्या उत्तर टोकाला एझो बेट, म्हणजे आजचे होक्काइडो. तेथे वसंतात हेरिंग मासळीच्या झुंडी किनाऱ्याला येत. मोठाल्या लोखंडी कढयांत मासळी शिजवून, दाबून तेल काढीत आणि उरलेला चोथा वाळवीत. तेलबियांची पेंड असते तशी ही मासळीची पेंड. ती आणणाऱ्या गलबतांना 'कितामाएबुने' म्हणत. ही गलबते नुसती भाड्याने माल वाहत नसत. मालकच व्यापारी. वाटेतल्या प्रत्येक बंदरात जे स्वस्त ते घ्यायचे आणि जेथे महाग तेथे विकायचे. ओसाकाहून निघताना जुने कपडे, सूत, मीठ, साखर, दारू भरायची. एझोहून येताना मासळीची पेंड आणि समुद्रातले कोम्बु नावाचे खाण्याचे शेवाळ. एका फेरीत हजार सोन्याची नाणी सुटतात, अशी लोकांत बोली होती. बुडालेल्या गलबतांचा हिशेब त्या बोलीत नसे.

आणि तो चोथा ज्यांच्या हातांनी तयार होई, त्यांना काय मिळे? एझो बेटाचे मूळ रहिवासी ऐनू लोक. तेथील किनारे व्यापाऱ्यांना मक्त्याने दिलेले होते. हे मक्तेदार ऐनू बायापुरुषांना त्यांच्या वस्त्यांतून उचलून मासळीच्या कामाला जुंपीत. मजुरी नावाला. देवी आणि इतर साथींनी वस्त्याच्या वस्त्या रिकाम्या झाल्या. कावाचीच्या शेतकऱ्याला आपल्या कापसाच्या मुळाशी घातलेल्या खताची ही बाजू दिसत नव्हती. त्याला दिसे तो खताचा चढता भाव. खत उधारीवर घ्यायचे आणि पिकावर फेडायचे, हा रिवाज तेथेही होता. सन १७८८ मध्ये खताच्या भाववाढीविरुद्ध या भागातल्या शेकडो गावांनी एकत्र अर्ज केला होता. १८२३ ची ती रंगीत तालीमच म्हणायची.

घरातला माग, गावातले नाटक

बोंडे फुटली की वेचणी. मग लाकडी रुळांच्या हातरेच्यावर सरकी वेगळी करायची. सरकीचे तेल दिव्याला जाई आणि पेंड परत शेतात. रुई धनुकलीने पिंजायची, पेळू करायचे, सूत कातायचे. रात्री कातणे आणि विणणे हे काम घरच्या बायकांचे. कावाचीचे कापड जाड, खरबरीत आणि टिकाऊ. दुकानांचे पडदे, निशाणे, गाद्यांच्या खोळी आणि कामाचे कपडे यांना त्याच्यासारखे दुसरे नाही, असा त्याचा लौकिक होता. गावोगाव हिंडणारे व्यापारी ते घरातून विकत घेत. पुष्कळ घरांत सारा भरायला लागणारी चांदी या मागातूनच निघे.

नक्षीची आवड मात्र दूर देशाहून आली. पोर्तुगीजांची जहाजे गोव्याहून निघून मलाक्का, मकाव असे मुक्काम करीत नागासाकीला जात. त्यांतून आणि पुढे डच जहाजांतून हिंदुस्थानचे चिटाचे आणि पट्ट्यापट्ट्यांचे कापड जपानला पोहोचले. सन १६३९ मध्ये शोगुनाने पोर्तुगीजांना बंदी केली, पण पट्टे राहिले. मद्रासजवळच्या सॅन थोमे बंदरावरून एका जातीच्या पट्ट्यांना जपानी लोक 'सान्तोमे' म्हणू लागले आणि आपल्या मागावर तशी कापडे काढू लागले.

रंग मुख्यतः निळीचा. नीळ येई समुद्रापलीकडच्या आवा प्रांतातून. तेथील शेतकरी निळीची पाने वाळवून त्यांचे ढीग घालीत, पाणी मारून, पुन्हा पुन्हा वरखाली करून तीनएक महिने कुजवीत. आपण कंपोस्ट करतो तसेच, पण उरे तो रंग. निळीच्या पैशावर आवात बाहुल्यांच्या नाटकांची मोठी हौस वाढली. देवळाच्या आवारात गावकऱ्यांनी स्वतः लाकडी रंगमंच बांधले, आणि सुगीनंतर तेथे मोठमोठ्या बाहुल्यांची नाटके होत. त्यांतले काही रंगमंच आजही उभे आहेत. ओसाकात तर बाहुल्यांच्या नाटकांची कायमची थिएटरे होती, आणि चिकामात्सु या नाटककाराने कर्जात बुडालेले दुकानदार, तेलाचे व्यापारी, कारकून यांनाच नायक केले.

कापडाची जपणूक अशी होती की विचारू नका. फाटलेल्या कपड्याच्या चिंध्या करून त्यांचे पुन्हा जाड कापड विणीत. जुने कपडे गलबतांतून उत्तरेकडे जात, कारण तिकडच्या थंडीत कापूस येतच नसे. त्सुगारू प्रांतात शेतकऱ्यांना सुती कपडा घालण्याची मनाई होती. तेथील बायकांनी वाखाच्या कापडावर पांढऱ्या सुताने दाट टाके घालून ऊब आणली. पोटापाण्याच्या गरजेतून निघालेली ती टाक्यांची नक्षी आज जपानात मोठ्या किमतीला विकली जाते. आपल्या गोधड्यांची आठवण यावी अशीच ती आहे.

पुस्तके आणि विधवेला लोळवणारा दाताळा

मियाझाकी यासुसादा नावाच्या एका सामुराईने सरदाराची नोकरी सोडली आणि खेड्यात जाऊन सुमारे चाळीस वर्षे शेती केली. गावोगाव फिरून म्हाताऱ्या शेतकऱ्यांना विचारले, चिनी ग्रंथ वाचले आणि सन १६९७ मध्ये 'नोग्यो झेन्शो' हा शेतीचा मोठा ग्रंथ छापला. ग्रंथ बाहेर पडला त्याच वर्षी तो वारला. त्यात कापसाचेही प्रकरण आहे. पुढे १७६८ मध्ये जन्मलेल्या ओकुरा नागात्सुनेने तर शेतीच्या पुस्तकांचा सपाटाच लावला. भाषा सोपी, चित्रे भरपूर. १८२२ मध्ये शेतीच्या अवजारांवर, १८२६ मध्ये भातावरच्या किडींवर आणि १८३३ मध्ये केवळ कापसावर अशी त्याची पुस्तके निघाली. भाताच्या खाचरातल्या पाण्यावर देवमाशाच्या तेलाचा पातळ थर द्यायचा आणि रोपे झटकून किडी त्यात पाडायच्या, हा उपाय त्याने चित्रांसह देशभर पसरवला. उतारवयात एका सरदाराने त्याला शेती सुधारण्यासाठी नोकरीवर ठेवले, पण आश्रय देणारा अधिकारी राजकारणात अडकला आणि ओकुराचीही नोकरी गेली. विस्तार अधिकाऱ्यांचा मूळपुरुष म्हणून त्याची तसबीर आमच्या कार्यालयांत लावायला हरकत नाही!

सुधारणेची दुसरी बाजूही त्या काळच्या लेखकांना दिसली होती. ओसाकाच्या साइकाकुने १६८८ मध्ये व्यापारावरच्या गोष्टींचे एक पुस्तक छापले. त्यात यामातो प्रांतातला एक गरीब शेतकरी आहे. तो भाजलेले सोयाबीन पेरून पाहतो, त्यातला एक दाणा उगवतो आणि तेथून त्याची भरभराट सुरू होते. पुढे तो निरनिराळी अवजारे काढतो, कापूस पिंजण्याचे मोठे धनुष्य वापरून रुईचा व्यापार करतो आणि श्रीमंत होतो. त्याचा मुलगा ते सगळे उडवतो, हे ओघानेच आले. या गोष्टीत भात झोडण्याच्या दातेरी अवजाराचा उल्लेख आहे. फणीसारख्या दातांतून लोंब्या ओढल्या की दाणे झटपट सुटत. पूर्वी हे काम दोन काड्यांमध्ये लोंबी धरून हाताने करीत आणि त्यावर गावातल्या निराधार विधवांची चूल पेटे. नवे अवजार आले आणि त्यांची मजुरी गेली. म्हणून लोकांनी त्याचे नाव ठेवले 'विधवेला लोळवणारा'. शेतीखात्यात काम करणाऱ्या प्रत्येकाने हे नाव पाठ करावे.

अर्ज

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. ओसाकात सरकीसकट कापूस खरेदी करणाऱ्या अडत्यांच्या एका गटाला अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारी परवाना मिळाला. परवान्याबद्दल ते सरकारात फी भरीत. शहरातला व्यवहार आपल्यामार्फत व्हावा एवढाच त्यांचा हक्क. पण हळूहळू त्यांनी हात लांब केले. खेड्यात बाहेरगावचा व्यापारी येऊन शेतकऱ्याकडून थेट कापूस घेऊ लागला की, "आमच्या हक्कावर गदा येते," अशी तक्रार करून ते त्याला अडवीत. कापूस थेट गलबतावर चढवायचा म्हटले तरी आडकाठी. गिऱ्हाईक एकच उरले की भाव कोणाच्या हातात जातो, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

त्या काळी जमाव करून दाद मागणे हा गुन्हा होता. सन १७७० मध्ये सरकारने गावोगाव फळ्या लावून, कट करणाऱ्यांची खबर देणाऱ्याला बक्षीस जाहीर केले होते. साकुरा जहागिरीतल्या एका गावच्या सोगोरो नावाच्या मुख्याने साऱ्याविरुद्ध थेट शोगुनाकडे गाऱ्हाणे नेले आणि त्याला कुटुंबासह प्राण गमवावे लागले, ही कथा घरोघर ठाऊक होती. १८५१ मध्ये तिच्यावर एडोत काबुकी नाटक आले तेव्हा तोबा गर्दी लोटली. तेव्हा अर्ज द्यायचा तर तो कायद्यात बसणारा हवा.

कावाची आणि सेत्सू प्रांतांत आणखी एक अडचण होती. एक गाव शोगुनाचे, शेजारचे एखाद्या सरदाराचे, तिसरे देवस्थानाचे. काही गावे तर दोन-तीन मालकांत वाटलेली. एकाच्या रयतेने दुसऱ्याच्या रयतेबरोबर एकत्र येणे सोपे नव्हते. पण गावांनी ते जमवले. शेजारच्या गावांचे मुखी एकत्र बसले, मग त्या त्या भागाचे. प्रत्येक गटाने आपला प्रतिनिधी निवडला आणि त्याला शिक्के मारून लेखी अधिकारपत्र दिले. त्याने काय बोलायचे आणि त्याचा खर्च कोणी द्यायचा, ते कागदावर आले. शहरातल्या मुक्कामाचा खर्चही गावांनी आपसात वाटून घेतला. साऱ्याच्या वह्यांनी गावाला जे शिकवले होते ते येथे कामी आले.

सन १८२३ मध्ये ७८६ गावांनी ओसाकाच्या नगर-न्यायाधीशापुढे अर्ज ठेवला. अर्जाची बातमी पसरली तशी आणखी गावे मिळत गेली आणि आकडा १,००७ वर गेला. मागणी साधी होती. आम्ही पिकवलेला कापूस आम्हाला वाटेल त्याला विकू द्यावा, अडत्यांनी मध्ये पडू नये. प्रकरणाचा निकाल गावांच्या बाजूने लागला आणि थेट विक्रीची वाट मोकळी झाली. इतिहासकार अशा मोठ्या एकत्रित अर्जांना 'कोकुसो' म्हणतात.

यश पाहून हुरूप आला. दुसऱ्याच वर्षी, १८२४ मध्ये, इझुमी प्रांतासह १,३०७ गावांनी तेलबियांच्या विक्रीसाठी तसाच अर्ज केला. तेलाच्या बाबतीत मात्र सरकारचे हितसंबंध जास्त गुंतलेले होते, कारण एडोचे दिवे या तेलावर जळत. त्या अर्जाला कापसासारखे यश आले नाही. एक गोष्ट येथे विसरू नये. अर्जावर शिक्के होते ते जमीनवाल्यांचे. दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या कुळाचा आणि शेतमजुराचा त्यात आवाज नव्हता. खत घ्यायला पैसा नसलेल्याचे शेत हळूहळू शेजाऱ्याकडे जात होतेच. पुढे १८३० नंतरच्या दुष्काळात तांदूळ कडाडला तेव्हा ओशिओ हेइहाचिरो नावाच्या निवृत्त पोलीस अधिकाऱ्याने आपली पुस्तके विकून गरिबांना पैसे वाटले आणि १८३७ मध्ये ओसाकात बंड केले. त्यात आजूबाजूच्या गावांचे शेतकरीही सामील झाले. शहराचा सुमारे पाचवा भाग जळाला. बंड एका दिवसात मोडले.

मुंबईची गाठोडी

सन १८५९ मध्ये जपानची बंदरे परदेशी व्यापाराला उघडली. इंग्लंडचे बारीक, एकसारखे, स्वस्त सूत आले. कावाचीच्या बायकांनी आधी ते आपल्या मागावर वापरायला घेतले. म्हणजे विणणे राहिले पण कातणे गेले. मग जपानी लोकांनी स्वतःच्याच गिरण्या काढल्या. ओसाकाची मोठी सूतगिरणी १८८३ मध्ये चालू झाली. घरच्या कापसावर ती चालेल असे प्रथम वाटले होते, पण तेथील कापसाचा भाव गिरणीला परवडेना आणि पुरवठाही पुरेना. गिरणीवाल्यांनी आधी चीनचा कापूस आणला आणि मग त्यांची नजर हिंदुस्थानकडे गेली. जमशेटजी टाटा आणि जपानची निप्पॉन युसेन ही जहाज कंपनी यांच्यात करार होऊन नोव्हेंबर १८९३ मध्ये कोबे-मुंबई अशी नियमित जहाजवाहतूक सुरू झाली. मुंबईच्या धक्क्यावरून कापसाची गाठोडी ओसाकाकडे निघाली.

जपानी शेतकऱ्यांना आयात कापसावरच्या जकातीचा तेवढा आधार होता. गिरणीवाल्यांनी ती उठवण्यासाठी जोर लावला आणि १८९६ मध्ये ती रद्द झाली. त्यानंतर थोड्याच वर्षांत कावाचीची कापसाची शेते दिसेनाशी झाली. एक हजार सात गावांनी ज्या अडत्याला हटवले तो ओसाकातच बसलेला होता, त्याचे नाव-गाव अर्जात लिहिता येत होते.

आज कावाचीचा बहुतेक भाग ओसाकाच्या उपनगरांत आणि कारखान्यांत गेला आहे. याओ शहरात काही हौशी मंडळी जुन्या कापसाचे बी राखून लहान वाफ्यांत ते दरसाल लावतात आणि मागावर थोडे कापड विणतात. कापूस गेल्यावर तेथील शेतकरी घरांनी जोडधंदा म्हणून ब्रश बांधायला घेतले. त्यातून पुढे कारखाने उभे राहिले आणि दात घासण्याच्या ब्रशांसाठी याओ आता सबंध जपानात प्रसिद्ध आहे.